यमुनामायची फुंकर

मोहाडीला राहायला गेले तेव्हा माझ्याकडे गजराचं घड्याळ होतं, पण आठवडाभरात मी त्याला किल्ली देणं सोडून दिलं. भिंतीपलीकडे यमुनामाय राहत होती. पहाटे साडेपाचला तिचा खोकला सुरू व्हायचा. आधी दोन-चार सुटे, मग एक लांबलचक, विहिरीच्या रहाटासारखा करकरत वर येणारा, आणि शेवटी भिंत हलवणारा खाकरा. मी स्टोव्हवर दूध ठेवायचे आणि ते उतू जायच्या बेताला आलं की पलीकडे शांत व्हायचं. लगेच, काही घडलंच नाही अशा आवाजात, ती सुनेला हाक मारायची, "सुमन, उठली का वो? भट्टीले भूक लागली!"

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. मी मूळची नगरकडची. नवऱ्याला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि मला मोहाडीच्या दवाखान्यात नर्सची. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मधले पाच दिवस माझं माणूस म्हणजे यमुनामाय.

तिचं घर ढिवरांचं. मुलगा नामदेव तलावावर मासे धरायला जायचा आणि घरातल्या बायका मुरमुरे-फुटाणे भाजायच्या. अंगणाच्या कोपऱ्यात चारी बाजूंनी कुडाच्या भिंती आणि वर ठेंगणं कौलारू छप्पर, त्यात भट्टी. खाली धानाचा कोंडा जळायचा, वर लोखंडी कढईत वाळू तापायची. वाळूत तांदूळ पडला की क्षणात फुलून वर यायचा आणि यमुनामाय झाऱ्याने तो असा उचलायची की एक दाणा करपायचा नाही. धूर मात्र कुठे जाणार? छपराखाली फिरून फिरून तो दारातून बाहेर पडायचा, आणि त्याआधी तिच्या छातीतून एक चक्कर मारून यायचा.

बाई उंच, काटक. खांदे कायम वर ओढलेले, आपण "मला काय माहीत?" म्हणताना करतो तसे. मला आधी वाटलं ती सवय आहे. ते श्वास ओढण्याचे कष्ट आहेत हे नंतर लक्षात आलं. पण हे खांदे सोडले तर तिच्यात "मला काय माहीत" असं काहीच नव्हतं. तिला सगळं माहीत असायचं. कोणाच्या बोडीत, म्हणजे शेततळ्यात, किती पाणी आहे, तहसीलचा कोणता बाबू कोणावर रागावला आहे, आणि माझ्या नवऱ्याला वांग्याची भाजी आवडत नसूनही मी ती का करते.

तिची बोली समजायला मला वेळ लागला. तिच्या जिभेवर "ळ" नव्हता, "श" नव्हता. डोळ्याला डोरा, शाळेला सारा. नातू बंडू "साऱ्यात गेला" म्हणजे नेमका कुठे गेला, हे मला दोन महिने कळलं नव्हतं. आणि बाई असून "मी जातो, मी करतो" म्हणायची. मी "मी जाते" म्हटलं की ती हसायची. "तुमची नगरची बोली लयच नाजूक हाये बाप्पा. पान्यात पडली तर इरघरून जाईन."

दवाखान्यात यायला तिने पहिलं वर्षभर दाद दिली नाही. शेवटी मीच एका सकाळी हाताला धरून नेलं. आमचे डॉक्टर नागपूरहून नुकतेच शिकून आलेले होते. जाड भिंगांचा चष्मा, हसायचं झालं तरी आधी विचार करणार.

"बिडी ओढता?" त्यांनी विचारलं.

"मी कायले ओढू? मले भट्टी ओढवते ना."

"किती वर्षं?"

"लगन होऊन आली तवापासून. सासूनं झारा हाती देल्ला, तो अजून खाली नाई ठेवला."

डॉक्टरांनी छाती ऐकली. मग टेबलावरची आगपेटी उचलून एक काडी पेटवली आणि तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरली. "तोंड मोठं उघडा. ओठ जुळवायचे नाहीत. हां, आता नुसत्या छातीच्या जोराने विझवा."

यमुनामायने एकदा माझ्याकडे पाहिलं, हा माणूस शहाणा आहे ना, अशा नजरेने. मग आ वासून फुंकर मारली. ज्योत जराशी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. तिने पुन्हा मारली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला काडी जळत जळत डॉक्टरांच्या बोटापर्यंत आली, त्यांनी "स्स" करून ती खाली टाकली.

"पाहा," यमुनामाय म्हणाली, "इझली ना!"

डॉक्टर त्या दिवशी विचार न करता हसले. पण नंतर त्यांनी तिला नीट सांगितलं. धट्ट्याकट्ट्या माणसाला ही काडी सहज विझवता येते. तुमच्या श्वासाच्या नळ्या धुराने आतून सुजून बारीक झाल्या आहेत, हवा आत जाते पण बाहेर पडायला वाट पुरत नाही. भट्टी सोडली पाहिजे.

"अन् मंग खाऊ काय? काड्या?" ती म्हणाली, आणि गोळ्यांची पुडी कमरेला खोचून भट्टीवर गेली.

मात्र काडीचा खेळ तिच्या डोक्यात बसला. पुढच्या बाजारात मुरमुऱ्याच्या टोपल्यांशेजारी तिने आगपेटी ठेवली. गिऱ्हाईक आलं की आधी काडी. "या गा, तोंड उघडा! ओठ नाई जुरवाचे! इझवान तर मूठभर फुटाने जास्तीचे." बाजारात हसू नुसतं उसळलं. तहसीलच्या दोन बाबूंनी विझवली, भाजीवालीने विझवली, एका नव्या नवरीने पदराआडून विझवली. स्वतःच्या वेळी यमुनामाय सांगायची, "माही काडी डाक्टरसाहेबाच्या बोटानं इझवली," आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची.

मग गोविंदा मिस्त्री आला. हा राईस मिलचा मिस्त्री, पाठीवर दोन पोती घेऊन जिना चढणारा गडी. वीस वर्षं कोंड्याच्या धुळीत काढलेली, वर कानावर सदा बिडी. त्याने छाती फुगवून फुंकर मारली. ज्योत हलली, विझली नाही. लोक हसले. त्याने पुन्हा मारली, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. ज्योत तशीच. लोक आणखी हसले. या वेळी यमुनामाय हसली नाही. तिने काडी खाली टाकून पायाने विझवली आणि गोविंदाला हळूच म्हणाली, "उद्या सकारी माह्यासंग दवाखान्यात चाल."

"मले काय झालं? हा तं खेळ हाये."

"मलेबी खेरच वाटला होता गा."

दुसऱ्या दिवशी ती त्याला मनगटाला धरून घेऊन आली. गोविंदाने त्या हप्त्यात बिडी सोडली. सोडली म्हणजे यमुनामाय त्याच्या कानावरची काढून रस्त्यात फेकायची, म्हणून सुटली.

त्या वर्षी दिवाळी होऊन धानाची कापणी चालू असताना गावात तापाची साथ आली. फ्लूच तो. बाजारच्या दिवशी कोणी खोकत आलं असेल, चार दिवसांत निम्मी मोहाडी पांघरुणात. दवाखान्याच्या ओसरीवर बसायला जागा नव्हती. दुखणं मात्र सोपं होतं. तीन दिवस ताप आणि अंग मोडून येणं, चौथ्या दिवशी तांदळाची पेज, पाचव्या दिवशी माणूस विळा घेऊन धानाच्या बांधीत. नामदेव पडला आणि उठला. सुमन पडली आणि उठली. मीही पडले, तेव्हा यमुनामायच दोन वेळा मिठाची पेज घेऊन यायची आणि माझ्या उशाशी बसून गावातल्या इतर आजाऱ्यांची नक्कल करून दाखवायची.

मग ती म्हणाली, "सिस्टरबाई, मलेबी आला तुमचा पाव्हना."

मी कपाळाला हात लावला. ताप सगळ्यांसारखाच होता. मी सगळ्यांना देत होते त्याच गोळ्या तिला दिल्या आणि सगळ्यांना सांगत होते तेच सांगितलं, "तीन दिवस आराम कर, उतरेल." हे वाक्य त्या आठवड्यात मी शंभर वेळा म्हटलं असेन. शंभरातली नव्व्याण्णव माणसं वेगळी आणि यमुनामाय वेगळी, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी नर्स होते, तिचा खोकला रोज ऐकत होते. नाही आलं.

ताप खरंच तिसऱ्या दिवशी उतरला. चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. पलीकडे खोकला नव्हता. मी तशीच धावत गेले. यमुनामाय खाटेच्या कडेला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, मान पुढे, खांदे कानापर्यंत. ओठांचा रंग जांभळासारखा. मला पाहून तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. यमुनामायला बोलता येत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी बंडूला डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टरांनी येऊन शिरेतून इंजेक्शन दिलं. आता छातीत न्यूमोनिया धरला होता आणि ऑक्सिजन भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात. आमची जीप दौऱ्यावर गेलेली. नामदेव अंगणात नुसता इकडून तिकडे फिरत होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी राईस मिलचा ट्रक येऊन उभा राहिला. गोविंदा मिस्त्रीने मालकाला न विचारता आणला होता. मागे पोत्यांवर गादी टाकली, तिला बसवलं, कारण आडवं झालं की तिचा जीव घुसमटायचा. सुमन एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरून बसलो. वाटेत एकदा तिने ओठांचा चंबू केला आणि भट्टीत फुंकणीने फुंकावं तशी हवा हळूहळू बाहेर सोडली. पुन्हा ओढली, पुन्हा चंबू. कोणी शिकवलेलं नव्हतं. तसं केल्याने नळ्या लवकर मिटत नाहीत, थोडी जास्त हवा बाहेर पडते, हे डॉक्टरांनी मला पुढे समजावलं. तिला ते आयुष्यभर चूल फुंकून आपोआप कळलं होतं. भंडारा येईपर्यंत ती तशीच बसून होती, पुढच्या श्वासाकडे पूर्ण लक्ष देऊन.

एकोणीस दिवस ती तिथे राहिली. पहिले सहा दिवस आमच्यापैकी कोणी नीट जेवलं नाही. सातव्या दिवशी तिने नळी बाजूला करून नर्सला विचारलं, "बाई, तुमच्या अठी पेजेत मीठ टाकाची मनाई हाये का?" नामदेव व्हरांड्यात जाऊन रडला.

निघताना तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नामदेवला बाजूला घेऊन सांगितलं, जपा, पुढचा हिवाळा निघणं कठीण आहे. नामदेवने हे मला सांगितलं, मी कोणाला सांगितलं नाही, आणि तरी ते यमुनामायला घरी पोचायच्या आत माहीत झालेलं होतं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत दवाखान्यात आली आणि डॉक्टरांसमोर बसली. "मले एक सांगा. ताप तोच. सिस्टरलेबी आला, नामदेवलेबी आला, साऱ्यायचा तीन दिवसांत गेला. मलेच काहून एकोनीस दिवस?"

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. ही चांगल्या माणसाची श्वासनळी, रुंद. साथीचा ताप आला, आतून थोडी सूज आली, थोडा कफ धरला, तरी वाट उरते. ही तुमची. आधीच सुजलेली, आधीच कफाने भरलेली. तीच सूज, तेवढीच, पण उरलेली वाट बंद. मग अडकलेल्या कफात दुसरे जंतू घर करतात आणि न्यूमोनिया होतो. "ताप मोठा नव्हता," ते म्हणाले, "तुमच्याकडे शिल्लक कमी होती."

तिने चित्र बराच वेळ पाहिलं. "म्हंजे तलावाच्या पाटासारखं. पाट साफ असला तर पावसात आलेला चिखल वाहून जाते. आधीच चिखलानं भरला असन तर एका टोपल्यानं पानी अडते, अन् सेवटची बांधी वारते."

"बरोबर तसंच."

"मंग पाट साफ होते का?"

"नाही. पण आणखी भरू नये एवढं करता येईल. भट्टी सोडा."

ती उठली. "पाहू," म्हणाली. मला तिचं "पाहू" माहीत होतं. चौथ्या दिवशी छपराखालून पुन्हा धूर येऊ लागला. मी भांडले, नामदेव भांडला. ती म्हणायची, "आता माहा पाट भरलाच हाये, अजून भरून का होनार हाये?"

तिला थांबवलं ते सुमनने, आणि सुमनला त्याचा पत्ताही नव्हता.

हिवाळा सरत आला होता. दुपारी मी दारात तांदूळ निवडत होते. सुमन भट्टीतून बाहेर आली, भिंतीला टेकली आणि खोकली. आधी दोन-चार सुटे, मग एक लांबलचक. माझा हात सुपात थांबला. समोर खाटेवर यमुनामाय लसूण सोलत बसली होती, तिचाही थांबला. तो खोकला आम्ही दोघी ओळखत होतो.

"सुमन," ती म्हणाली, "अठी ये. बस."

तिने कनवटीची आगपेटी काढली. काडी पेटवून सुनेच्या तोंडापुढे धरली. सुमन लाजली, हसली. बाजारातला खेळ घरात कशाला, म्हणाली.

"तोंड उघड. ओठ नको जुरवू. मार."

सुमनने फुंकर मारली. ज्योत वाकली आणि उभी राहिली. पुन्हा मारली. तिसऱ्या फुंकरीला विझली, पण कशीबशी. सुमन तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

यमुनामायने विझलेली काडी बराच वेळ बोटांत धरली. मग ती उठली, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि भट्टीच्या खोपीत शिरली. पहिला घाव कुडाच्या भिंतीवर, दुसरा भट्टीच्या कडेवर. सुमन ओरडली, "माय, काय करून राहिल्या!" मी धावले. चार घाव घातले की ती थांबायची, चौकटीला धरून चंबू करून श्वास सोडायची, पुन्हा कुदळ उचलायची. कोणाला हात लावू देईना. नामदेव तलावावरून आला तेव्हा गल्ली भरली होती आणि त्याच्या आजीने लिंपलेली भट्टी अंगणात मातीचा ढीग होऊन पडली होती.

"माय, हे कायले केलं? उद्या बाजार हाये!"

"माह्या सासूनं मले झारा देल्ला," ती धापा टाकत म्हणाली, "तिले माहीत नव्हतं. मले माहीत हाये. माहीत असून मी हिले देऊ का?"

 सुमन ढिगाजवळ उकिडवी बसून रडायला लागली, तेव्हा यमुनामायने तिच्या पाठीवर थाप मारली. "रडतेस काहून? भट्टी मोडली, कढई साबूत हाये. कढई आन इकडे, घासून ठेव."

त्या शनिवारी माझा नवरा आला तो यमुनामायच्या ताब्यात गेला. फिटर माणूस, त्याला असं काही हवंच असतं. अंगणाच्या मोकळ्या टोकाला, वाऱ्याची दिशा पाहून, चारही बाजूंनी उघडी अशी नवी भट्टी आखली. भंडाऱ्याच्या एका पत्र्याच्या कारागिराकडून धुराडं करून आणलं, छपराहून दोन हात उंच. गोविंदा मिस्त्रीने ते उभं केलं. तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी कोंडा पेटवला तेव्हा धूर त्या नळीतून सरळ वर गेला आणि निम्मी गल्ली मान वर करून पाहत राहिली. माझा नवरा एवढा खूश झाला की यमुनामायने दिलेली वांग्याची भाजी त्याने दोनदा मागून घेतली.

त्या दिवसापासून ती स्वतः भट्टीजवळ गेली नाही. दहा हात लांब खाट टाकून बसायची आणि तिथून हुकूम सोडायची. "सुमन, वारा फिरला, तिकडून उभी राह्य!" सुमनचा खोकला पावसाळ्यापर्यंत निघून गेला. दर महिन्याला तिची काडीची परीक्षा व्हायची. दिवाळीच्या आत ती पहिल्या फुंकरीत पास झाली, तेव्हा यमुनामायने गल्लीभर मुरमुऱ्याचा चिवडा वाटला.

तिची स्वतःची काडी कधीच विझली नाही. पण तिने आपल्यापुरते कायदे केले. हिवाळा लागला की दाराला लाल लुगड्याचा तुकडा बांधायचा. तुकडा दिसला की ज्याला पडसं-खोकला आहे त्याने उंबऱ्याच्या आत यायचं नाही, मग तो कोणी असो. एकदा तहसीलचे एक मोठे साहेब फुटाण्यांसाठी आले आणि रुमालाने नाक पुसत अंगणात शिरू लागले.

"साहेब, तठीच उभे राहा!"

साहेब दचकून नालीपलीकडेच थांबले. तिने सुपात फुटाणे घातले, सूप बांबूला बांधलं आणि बांबू पुढे केला. साहेबांनी मुकाट्याने पिशवीत फुटाणे घेतले. "बरं झालं की मंग आत येजा, चहा पाजतो," ती म्हणाली. आठवड्याने साहेब खरंच आले, आधी बाहेरूनच ओरडले, "यमुनाबाई, नाक कोरडं आहे!"

दुसरा कायदा माझ्याशी केलेला. पडशाचा पहिला कण दिसला की वाट न पाहता दवाखाना. मी अट घातली होती, पण तिने ती अशी पाळली की मला घालायचा पश्चात्ताप व्हावा. ऐन गर्दीत रांग मोडून यायची. "सिस्टरबाई, एक सिंक आली."

"एकच ना? मिरचीची असेल."

"मिरचीची की पाव्हन्याची ते तुम्ही पाहा. मागच्या टायमाले तुम्ही तीन दिवस म्हनलं होतं."

ते वाक्य ती हसत म्हणायची, डोळे मिचकावून. मला दर वेळी लागायचं, आणि दर वेळी मी सगळं सोडून तिची छाती ऐकायचे. एवढ्यासाठीच ती म्हणत असावी.

आणि मग पाचव्या की सहाव्या हिवाळ्यात साथ पुन्हा आली. लाल तुकडा दारावर होता, पण बंडू शाळेतून ताप घेऊन आला. नातवाला काही बांबूवरून जेवण देता येईना. त्याच्याकडून तिला लागला. मात्र या वेळी पहिल्याच दुपारी ती माझ्यासमोर होती. डॉक्टर आता जरा पोक्त झाले होते, आणि या आजाराकडे पाहायची त्यांची नजरही. त्यांनी तिला तीन दिवस म्हटलं नाही. श्वास मोकळा करणाऱ्या गोळ्या वाढवल्या, कफाचा रंग बदलताच प्रतिजैविक सुरू केलं, रोज दोनदा मी जाऊन पाहायचे. तिसऱ्या दिवशी ओठ किंचित निळसर वाटले. गोविंदाचा ट्रक न सांगता गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि दोन दिवस तिथेच होता. लागला नाही. नवव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून खाकरा ऐकू आला आणि मागोमाग, "सुमन, बंडूचा डबा झाला का वो?"

इतरांना तीन दिवस, तिला नऊ. "पन एकोनीस तं नाई!" ती आल्यागेल्याला सांगायची, शर्यत जिंकल्यासारखी.

पुढे माझी बदली भंडाऱ्याला झाली. मी मोहाडी सोडली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी कठीण म्हटलेला हिवाळा जाऊन सहा उलटले होते. त्यानंतर तिने आणखी चार काढले. शेवटी शेवटी चालणं घराच्या उंबऱ्यापासून तलावाच्या पाळीपर्यंतच राहिलं, असं नामदेव बाजारात भेटला की सांगायचा. दहाव्या हिवाळ्यानंतरच्या पावसाळ्यात, साथ नाही, ताप नाही, एका दुपारी जेवून पडली ती उठली नाही. सुमन तेव्हा भट्टीवर होती. तिनेच मला निरोप पाठवला.

त्याआधी उन्हाळ्याच्या अखेरीस मी तिला शेवटचं पाहिलं. एका लसीकरणाच्या कामाने तुमसरला चालले होते. एस.टी. मोहाडीच्या पुढे तलावाच्या कडेने जाते. तलाव आटत आला होता आणि नामदेवच्या लोकांनी मोठं जाळं लावलं होतं. दहा-बारा गडी कमरेइतक्या पाण्यात जाळ्याच्या दोन्ही कडा ओढत होते. पाळीवर पळसाच्या सावलीत एक उंच, वाळकी बाई बसलेली. एक हात गुडघ्यावर टेकलेला, दुसरा हवेत. ती त्या दहा-बारा जणांना काहीतरी जोरात सांगत होती, बहुतेक डावीकडचे हळू ओढत होते. मध्येच ती थांबली. हात तसाच हवेत राहिला. पाण्यातले सगळे गडीही दोर धरून तसेच थांबले, तिच्याकडे तोंड करून, तिचा श्वास भरून यायची वाट पाहत. मी खिडकीतून हात केला, तिचं लक्ष नव्हतं. मग हात खाली आला, ती पुन्हा बोलू लागली, आणि गड्यांनी जाळं ओढलं.